कुणाचा खांब? एका पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२४

पुस्तिकेचं एकदाचं ठरलं. लाकूडकामावरच्या मालिकेतली ही तिसरी. पाचवी ते आठवीची मुलं, ३२ पानं, मजकूर माझा. विषय अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या ट्लिंगिट लोकांचे टोटेम खांब, म्हणजे अख्ख्या ओंडक्यावर प्राणी आणि माणसं कोरून उभे केलेले उंच खांब.

विषय सुचला तो आतेभावामुळे. तो मालवणचा, क्रूझ जहाजावर गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात आहे. उन्हाळाभर त्यांचं जहाज अलास्काच्या फेऱ्या करतं. केचिकान बंदराला लागलं की दोन-तीन तासांची मोकळीक मिळते. तेवढ्यात तो शेजारच्या सॅक्समन गावात जाऊन आला आणि चाळीसेक फोटो पाठवले. सोबत व्हॉइस मेसेज: "हय पाऊस थांबणाच नाय रे. आपलो आषाढच, पण थंडगार."

आराखडा असा: चार पानं भूगोल. मग १२ पानं 'खांब कसा वाचायचा', म्हणजे डोमकावळ्याचा अर्थ काय, अस्वलाचा काय, बेडकाचा काय. मग एक गोष्ट. मग खांब घडतो कसा. शेवटी कृती: पुठ्ठ्याच्या नळीवर तुमचा स्वतःचा टोटेम खांब करा. संपादक ताईंना आराखडा आवडला. मलाही आवडला होता, हे इथे लिहून ठेवतो.

१९ जुलै

आठवडा शब्दांतच गेला. 'ट्लिंगिट' हे इंग्रजी स्पेलिंगचं देणं. ते लोक स्वतःचं नाव घेतात त्यातला पहिला आवाज आपल्याकडे नाहीच. 'ल'साठी लावतो तशी जीभ लावायची आणि कंठ गप्प ठेवून दोन्ही कडांनी नुसती हवा सोडायची. ताई फोनवर तीनदा करून बघत होत्या. तिसऱ्या वेळी मागून नातवाचा आवाज आला, "आजी, काही टोचलं का?" ट्लिंगिटच ठेवलं.

खांबाला त्यांचा शब्द 'कूटीया'. आपल्या वाचकाला साधूची कुटिया आठवणार. एकदा चौकटीत देऊन पुढे सरळ 'खांब' म्हणायचं. 'टोटेम' तर त्यांचा शब्दच नव्हे. तो पार पूर्वेकडच्या, मोठ्या सरोवरांच्या भागातल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून इंग्रजीत गेला आणि मग सगळ्यांनाच चिकटला.

खरी अडचण वेगळी. खांबावर कोरलेल्या त्या प्राण्याला मराठीत म्हणायचं काय? पहिल्या खर्ड्यात मी 'देवक' लिहिलं होतं. मोह साहजिक आहे. लग्नात देवक बसतं. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोराचं पीस. आणि एका देवकात सोयरीक होत नाही. तिकडेही समाजाचे दोन भाग, डोमकावळा आणि गरुड (काही ठिकाणी गरुडाऐवजी लांडगा म्हणतात), आणि रीतीप्रमाणे लग्न पलीकडच्या भागातच. प्रत्येक भागात बरीच कुळं, कुळाची घरं, घराला नाव.

पण दोन जागी हे फसतं. तिकडे कूळ आईकडून येतं. मुलगा मामाच्या कुळाचा, पूर्वी वाढायचाही मामाच्याच घरी, वारसाही मामाचाच. बाप कायम पलीकडचा. आणि देवकात 'देव' आहे, आपण त्याची पूजा करतो. खांबाची पूजा तिकडे कुणीच करत नव्हतं. करतात असं मिशनऱ्यांना वाटलं, आणि त्या समजुतीपायी काही गावांत खांब तोडून टाकले गेले. आपण पुन्हा तीच चूक मराठीत छापायची नाही.

'कुळचिन्ह' ठरलं. रूक्ष आहे, पण खोटं नाही.

२ ऑगस्ट

फोटो घेऊन तळमजल्यावरच्या सुतारकाकांकडे गेलो. तांबडं सीडर म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "देवदार काय?" नाही. देवदार निराळा. हा थुजा, आपल्या बागेतल्या मोरपंखीचा नातलग. शाळेत वहीत दाबून ठेवायचो ना ते 'विद्येचं पान', तसंच खवल्याखवल्यांचं पान. फक्त झाड पन्नास मीटरच्या वर जाणारं.

काकांनी मोबाइलवर फोटो मोठा केला, पण चेहऱ्यांकडे बघितलंच नाही. आतेभावाने एक खांब मागच्या बाजूने टिपला होता, बहुतेक चुकून. काका त्यावरच थांबले.

"पाठ कोरून काढलीय. पन्हळीसारखी."

"का पण?"

"गाभा ठेवला तर ओंडका वाळताना फुटणार. गाभा काढला की तडाही जात नाही आणि उभा करताना वजनही कमी."

हेच मी दोन दिवस वाचून समजून घेत होतो. मग एका अस्वलाच्या छातीवरच्या खुणा त्यांनी नखाने मोजल्या. उथळ, माशाच्या खवल्यांसारख्या, ओळीने. "रंधा लावलेला नाही. हे वाकसाचे टवके आहेत, मुद्दाम ठेवलेत. एकाच अंतरावर पडलेत बघा, हात बसलेला माणूस आहे." त्यांनी स्वतःचा वाकस, म्हणजे आडव्या धारेचं तासायचं हत्यार, काढून दाखवला. ट्लिंगिट कारागिरांच्या वाकसाचा दांडा फांदीच्या नैसर्गिक कोपराचा असतो, पातं त्या कोपराच्या आखूड बाजूला बांधलेलं. काका म्हणाले, "पूर्वी आमच्याकडेही बाभळीचा बाक बघून ठेवायचे."

समुद्री पाणमांजराच्या कातड्यांच्या व्यापारातून लोखंड मुबलक आलं आणि १९व्या शतकात खांब वाढले, उंचही झाले. टिकतात किती? केचिकानला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे रत्नागिरीच्या तोडीचा, पण बारा महिने वाटून. उघड्यावर पाऊणशे-शंभर वर्षं झाली की खांब संपला. जुन्या रीतीत त्याची डागडुजी करत नसत. तो पडू द्यायचा, आणि कुळाची ऐपत झाली की नवा उभा करायचा.

११ ऑगस्ट

चित्रकाराचं पहिलं स्केच आलं. खांबाच्या टोकाला पसरलेले पंख, शेजारी त्रिकोणी तंबू, पिसांचा मुकुट घातलेला सरदार. तंबू आणि मुकुट दोन्ही गवताळ मैदानातल्या लोकांचे. ट्लिंगिट लोक फळ्यांच्या मोठ्या घरांत राहायचे आणि स्प्रूस झाडाच्या मुळांच्या विणलेल्या टोप्या घालायचे. म्हटलं, हे लेझीमच्या चित्रात कथकली घुसवल्यासारखं झालं.

"पण दादा, मुलांना बघितल्या बघितल्या कळेल ना?"

तीच तर पंचाईत आहे.

२४ ऑगस्ट

आराखडा कोसळला. 'खांब कसा वाचायचा'ची १२ पानं रद्द.

इंटरनेटवर याद्या मिळतात: अस्वल म्हणजे ताकद, बेडूक म्हणजे भरभराट वगैरे. मी त्या उतरवूनही घेतल्या होत्या. सगळं फालतू. खांबावरचा बेडूक म्हणजे सिटका गावाचं किक्सआदी कूळ. तपकिरी अस्वल म्हणजे तेइक्वेदी कूळ. अमुक पूर्वजाची, अमुक ठिकाणी त्या प्राण्याशी गाठ पडली, तिथे काहीतरी गमावलं, आणि त्या बदल्यात ते चिन्ह कुळाचं झालं. ती हकिगत माहीत नसेल तर खांबासमोर उभं राहून प्राणी ओळखता येतील, बाकी हाती काही लागणार नाही. आणि ती हकिगत सांगायचा हक्क त्या कुळाचा.

याला त्यांचा शब्द 'अत्-ऊ'. (मधली रेघ म्हणजे घशात घेतलेला थांबा.) अर्थ: मोल देऊन आपली झालेली वस्तू. मोल बहुतेक वेळा कुणाच्या तरी जिवाचं. त्यात चिन्ह येतं, नाव येतं, गाणं, टोपी, अंगावरचं विणलेलं वस्त्र, एखादा डोंगर, एखाद्या नदीचं मुखसुद्धा. खांब म्हणजे त्यातलं लांबून दिसतं तेवढं. मी समजावताना 'सातबारा' लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, "सातबारा नको. मुलांना कळणार नाही आणि मोठ्यांना भावकीची भांडणं आठवतील."

क्लकवान गावातल्या देवमाशाच्या घराचं प्रकरण मात्र ठेवलंय. गानखतेदी कुळाचं घर. आत चार कोरीव खांब आणि एक रंगवलेला लाकडी पडदा. संग्राहक अनेक वर्षं त्यावर डोळा ठेवून होते. १९८४ मध्ये घरातल्याच काही जणांनी ते सगळं विक्रीसाठी गावाबाहेर काढलं. प्रकरण कोर्टात गेलं. अखेर १९९३ मध्ये गावाच्या आदिवासी न्यायालयाने निकाल दिला की हे कुण्या एकाचं नाही, कुळाचं आहे, परत आणा. १९९४ मध्ये परत आलं. घराच्या प्रमुखाकडे या वस्तू सांभाळायला असतात. आपल्या एकत्र कुटुंबातल्या कर्त्यासारखं: व्यवहार तो बघतो, पण देवघरातले टाक विकून टाकायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नसतो.

आता मला दिसतंय की खांब उभा करणं हा मुळात देण्याघेण्याचा मामला आहे. कुळातलं मोठं माणूस गेलं की पलीकडच्या भागातले लोक येऊन सगळं करतात: प्रेत सांभाळणं, घर बांधणं, खांब कोरणं. आपल्याच लोकांनी आपला खांब कोरायचा नाही, अशी जुनी रीत. मग वर्ष-दोन वर्षांनी, जमवाजमव झाली की, कूळ त्यांना बोलावतं. या समारंभाचं ट्लिंगिट नाव 'बोलावणे' याच धातूवरून आलंय. इंग्रजीत त्याला पॉटलॅच म्हणतात. मी 'आवतण' केलं. नेमकं बसतं. फक्त इथे आहेर उलटा: यजमान देतो, पाहुणे घेतात. आणि घेतलं की ते साक्षीदार झाले. हे नाव याचं, हे चिन्ह यांचं, आमच्यादेखत सांगितलं आणि त्याचा मोबदला आम्हाला पोचला. लिखापढी न करता हक्क नोंदवायची ही पद्धत.

आमच्याकडे कुठल्याच कुळाची परवानगी नाही आणि मागावी एवढी ओळखही नाही. म्हणून गोष्ट रद्द. पुठ्ठ्याच्या नळीची कृती पण रद्द. 'तुमचा स्वतःचा' म्हणजे कुणाचा?

चित्रकार म्हणाला, "म्हणजे पुस्तक खांबांवर आणि खांब काढायचा नाही. मग मी काढू काय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. चित्रकार गावी गेला. अनंत चतुर्दशीपर्यंत काम बंद.

२२ सप्टेंबर

काम पुन्हा सुरू. ताईंनीच वाट काढली: खांबाचा अर्थ सांगता येत नसेल तर खांबाचा प्रवास सांगा. कुठे उभा होता, कुणी नेला, परत आला का. हे तर नोंदलेलं आहे.

१८९९ हे एकच वर्ष पुरे. त्या उन्हाळ्यात सिअ‍ॅटलचे प्रतिष्ठित व्यापारी 'सिटी ऑफ सिअ‍ॅटल' नावाच्या बोटीने अलास्काच्या सहलीला गेले. टोंगास गावात माणसं मासेमारीला गेलेली. खलाशांनी किनाऱ्यावरचा एक चांगला खांब निवडला आणि झाड तोडावं तसा तोडला. लांब होता म्हणून मधोमध करवतला. गानखआदी कुळातल्या, नदीत बुडून गेलेल्या एका बाईच्या स्मरणाचा तो खांब. ऑक्टोबरमध्ये सिअ‍ॅटलच्या पायोनियर चौकात त्याचं थाटात अनावरण झालं. बोभाटा झाला, काही जणांवर आरोपही ठेवले गेले, आणि ५०० डॉलरवर प्रकरण मिटलं. १९३८ मध्ये कुणीतरी त्याला आग लावली. आज तिथे आहे ती प्रतिकृती, १९४०ची, ट्लिंगिट कारागिरांनीच कोरलेली.

त्याच उन्हाळ्यात रेल्वेसम्राट हॅरिमनची विद्वानांनी भरलेली बोट केप फॉक्सला थांबली. गाव रिकामं दिसलं, म्हणजे सोडून दिलेलं, असा हिशोब करून त्यांनी खांब आणि बरंच सामान उचललं. माणसं सॅक्समनला राहायला गेली होती, एवढंच. बोटीवर निसर्गलेखक जॉन म्यूर होते, त्यांना हे पटलं नव्हतं. पण खांब गेले ते गेले, अमेरिकेतल्या वेगवेगळ्या संग्रहालयांत पांगले. २००१ मध्ये संग्रहालयांनी ते वंशजांना परत केले. आणि केप फॉक्सच्या लोकांनी काय करावं? त्या संग्रहालयांना सीडरचे ओंडके भेट दिले, नवे खांब कोरून घ्या म्हणून. हे वाचल्यावर थोडा वेळ काम थांबवलं. चोरीचा माल परत घेतानाही हात रिकामा ठेवायचा नाही!

बाकीचे थोडक्यात. १९०४: अलास्काचा गव्हर्नर जॉन ब्रेडीने दक्षिणेकडच्या ट्लिंगिट आणि त्यांच्या शेजारच्या हायडा लोकांच्या गावांतून मिळवलेले खांब सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात नेले, पुढे त्यातले बरेच सिटकाला आणून उभे केले. म्हणजे किक्सआदींच्या भूमीत परक्या कुळांचे खांब. १८०४ मध्ये रशियनांशी जिथे लढाई झाली त्या जागी किक्सआदींचा स्वतःचा, सेनानी कात्लियानच्या नावाचा खांब उभा राहायला १९९९ उजाडावं लागलं. १९३१: नट जॉन बॅरीमोरने नौकेवरच्या लोकांकरवी टक्सेकान गावातला खांब कापून कॅलिफोर्नियात आपल्या बागेत लावला. त्याच्यामागे तो खांब दुसरा एक नट व्हिन्सेंट प्राइस याच्याकडे गेला, तिथून होनोलुलूच्या संग्रहालयात, आणि २०१५ मध्ये टक्सेकानकरांच्या वंशजांकडे.

ताजी बातमी: अमेरिकन नौदलाने १८६९ मध्ये केक या ट्लिंगिट गावावर केलेल्या गोळीबाराबद्दल काल माफी मागितली.

६ ऑक्टोबर

१९३८च्या सरकारी योजनेचं पान. मंदीच्या काळात वनखात्याने ट्लिंगिट आणि हायडा कारागिरांना रोजगारावर घेतलं. जुने, कुजत चाललेले खांब गावांतून आणून नव्या ओंडक्यांशेजारी आडवे ठेवायचे आणि बघून बघून कोरायचे. म्हाताऱ्यांच्या हाताखाली पोरं तयार झाली. रंगांचीही खटपट: शिंपले, दगडफूल, ग्रॅफाइट, तांब्याचे खडे आणि सामन माशाची अंडी वापरून आधी पारंपरिक रंगाचा नमुना करायचा, मग बाजारातला रंग त्याला जुळवायचा. चित्रकाराला हे फार आवडलं. खांब कुळाच्या जागेवरून निघून पर्यटकांच्या रस्त्यावर आले, हेही त्याच योजनेने केलं. दोन्ही लिहिलंय.

१४ ऑक्टोबर

आतेभाऊ सुट्टीवर आला. पिशवीतून माझ्यासाठी वीतभर टोटेम खांब काढला. राळेचा ओतीव, टोकाला पंख, बुडाला दुसऱ्याच देशाचा शिक्का. चित्रकाराचं पहिलं स्केच जसंच्या तसं! तो हिरमुसू नये म्हणून टेबलावर ठेवला, तर म्हणतो, "तुका आवडलो नाय मां? माका ठाऊक होता. पण खरो इतक्या पैशात खय मिळतलो?"

त्याच्या फोटोंत मी दुर्लक्ष केलेला एक खांब होता: उंच काठी, टोकाला पेटीवर बसलेला गोरा माणूस, नाक-कान लाल रंगवलेले. तो अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड, ज्याने १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का विकत घेतलं. १८६९ मध्ये तो टोंगासला आला तेव्हा तिथल्या प्रमुखाने त्याला थाटाचं आवतण दिलं, भेटी दिल्या. सेवर्डने त्याची कधीच परतफेड केली नाही. मग त्याचा खांब उभा राहिला, लाज काढणारा. उसनं फेडलं की उतरवायचा. मूळ खांब १८८०च्या दशकातला, पुढे सॅक्समनला प्रतिकृती, आणि ती जीर्ण झाल्यावर २०१७ मध्ये पुन्हा नवा. एवढा खर्च करून उधारी ताजी ठेवलीय. हा खांब पुस्तिकेत येणार, कारण ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासाठीच कोरलीय.

आतेभाऊ म्हणाला, "म्हणजे वाण्याच्या पाटयेर नाव लिवल्यासारख्याच."

२७ ऑक्टोबर

काल अँगून या दुसऱ्या ट्लिंगिट गावात नौदलाने माफी मागितली. २६ ऑक्टोबर १८८२ ला गाव बेचिराख केलं होतं, बरोबर १४२ वर्षांनी. कारण पुन्हा देण्याघेण्याचंच. देवमाशांच्या शिकारीवर एका व्यापारी कंपनीचं काम करताना गावातला एक वैदू स्फोटात मेला. गावाने रीतीप्रमाणे २०० ब्लँकेटं भरपाई मागितली. नौदलाने उलट गावालाच ४०० ब्लँकेटं दंड लावला. तो भरता आला नाही म्हणून तोफा. सहा मुलं धुरात गुदमरून गेली असं गावकरी सांगत आले आहेत. साठवलेलं अन्न, घरं, होड्या जळाल्या. एक होडी बाहेर होती म्हणून वाचली आणि हिवाळाभर तिनेच गाव जगवलं. तिच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, कोरलेला बीव्हर (नदीत बांध घालणारा प्राणी) पुढे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात कपाटात जाऊन पडला. १९९९ मध्ये गावच्या वडीलधाऱ्यांना तो तिथे सापडला आणि त्याच वर्षी घरी आला. १९७३ मध्ये सरकारने ९० हजार डॉलर दिले होते, १८८२च्या भावाने. माफीला मात्र २०२४ लागलं.

हा खांब नाही, होडीची नाळ आहे. विषयाबाहेरचं म्हणून ताई कापतील की काय वाटलं होतं. त्यांनी दोन पानं दिली.

१६ नोव्हेंबर

डमी तयार. ३२ची २४ पानं झाली. नाव बदललं: 'कुणाचा खांब?'

चित्रकाराने त्याच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच शोधलं. मधल्या दोन पानांवर खांब आहे, पूर्ण, पण पाठीमागून. कोरून काढलेली पन्हळ, तिच्यात पडलेलं पावसाचं पाणी, दोर, आणि दोर ओढणारी शे-दीडशे माणसं समोरून, आपल्याकडे तोंड करून वर बघताहेत. त्यांना काय दिसतंय ते आपल्याला दिसत नाही. आतेभावाचा तो चुकून काढलेला फोटो.

डमी सुतारकाकांना दाखवली. ते दोर बघून खूश झाले, मग मागे जाऊन हत्यारांच्या पानावर थांबले. "हे काय काढलंय? हा वाकस नव्हे, ही कुऱ्हाड झाली. पात्याची धार दांड्याला आडवी पाहिजे, उभी काढलीय त्याने." चित्रकाराला फोन लावला. सोमवारी फाइल प्रेसला जायची होती, आता मंगळवारी जाईल.